खेळपट्टी राखणारा गोलंदाज : पालवणकर बाळू

मैदान तयार करणारा माणूस आणि मैदानावर खेळणारा माणूस हे सहसा एक नसतात. पहाटे येऊन गवत कापणारा, पाणी मारणारा, रूळ ओढणारा माणूस सामना सुरू होताच कुंपणापलीकडे जातो. त्याने सपाट केलेल्या जमिनीवर इतरांची नावे होतात. पालवणकर बाळू यांच्या आयुष्यात ही रीत एकदा मोडली. म्हणूनच हीरक महोत्सवाच्या या स्मरणिकेत त्यांचे चरित्र विद्यार्थ्यांपुढे ठेवावे असे वाटले. क्रिकेट आज आपल्या मुलांच्या इतके अंगवळणी पडले आहे की, ते कोठून आले आणि कोणाकोणाच्या हातांतून आपल्यापर्यंत पोचले, हा प्रश्न त्यांना पडतच नाही.

ते आले दक्षिण इंग्लंडमधून. तेथील मेंढपाळांच्या कुरणांवर खेळला जाणारा हा खेळ अठराव्या शतकात सरदार-जमीनदारांच्या पैजांचा विषय झाला. १७४४ मध्ये त्याचे नियम लेखी स्वरूपात आले आणि १७८७ मध्ये लंडनला मेरिलबोन क्रिकेट क्लबाची स्थापना झाली. पुढे साम्राज्याच्या जहाजांबरोबर तो जगभर गेला. आपल्याकडे १७२१ मध्ये खंबायतच्या किनाऱ्यावर इंग्रज खलाशी तो खेळल्याची नोंद आहे. कलकत्त्याला १७९२ मध्ये युरोपियनांचा क्लब होता. दोन देशांमधला पहिला सामना मात्र इंग्लंडने खेळलेला नाही, हे ऐकून मुले नेहमी चकित होतात. तो १८४४ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांच्यात झाला. ज्याला आपण पहिला कसोटी सामना म्हणतो तो १८७७ चा, मेलबर्नचा. हिंदुस्थानी लोकांमध्ये पारशी समाजाने हा खेळ सर्वांआधी उचलला. १८४८ मध्ये मुंबईत त्यांनी ओरिएंटल क्लब काढला, १८८६ आणि १८८८ मध्ये त्यांचे संघ इंग्लंडला जाऊन आले आणि १८९० मध्ये त्यांनी व्हर्नन यांच्या इंग्लिश संघाला मुंबईत हरवले. हिंदू आणि मुसलमान तरुणांनी यातून स्फूर्ती घेतली.

आपल्या इतिहासलेखनात या खेळाचा आरंभ असा क्लबांच्या आणि धनिकांच्या नावांनीच सांगितला जातो. बाळूंची कथा त्याच काळातली असली तरी ती वेगळ्या दाराने आत येते.

पालवणकर घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील पालवण गावचे, जातीने चांभार. त्या काळच्या समाजाने अस्पृश्य ठरवलेल्या जातींपैकी ही एक. कातड्याचे काम करणाऱ्या या समाजातील अनेकांना इंग्रजांच्या लष्करात आणि लष्करी कारखान्यांत रोजगार मिळाला होता, आणि बाळूंचे वडीलही लष्कराच्याच आश्रयाने पोट भरत होते. १८७६ च्या मार्च महिन्यात बाळूचा जन्म धारवाडला झाला. त्याच्यामागून शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे भाऊ. कुटुंब पुण्याला आले आणि लष्करातील गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या चेंडू-फळ्यांवर बाळू आणि शिवराम खेळू लागले. शिक्षण बेताचेच झाले. घरची गरज मोठी होती, तेव्हा बाळू लहान वयातच कामाला लागला. पहिली नोकरी पुण्यातील पारशी खेळाडूंच्या एका क्लबात मिळाली. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि रूळ फिरवण्याचे, पगार महिना तीन रुपये. मधूनच कोणी सभासद त्याच्याकडे चेंडू फेकून चार चेंडू टाकायला सांगे.

१८९२ मध्ये तो युरोपियनांच्या पुणे क्लबात गेला. पगारात एका रुपयाची वाढ झाली आणि कामात बरीच. रूळ फिरवणे, खेळपट्टी आखणे, सरावासाठी जाळी उभारणे, लागले तर टेनिसचे कोर्टही आखणे. ट्रॉस नावाच्या एका गोऱ्या सभासदाने त्याला जाळीत नियमित गोलंदाजी करायला लावली. हा सडपातळ मुलगा डाव्या हाताने संथ चेंडू टाकतो, तो दोन्हीकडे वळवतो आणि एकाच हालचालीतून वेगही बदलतो, हे लवकरच सर्वांच्या ध्यानात आले. क्लबात जे. जी. ग्रेग म्हणून लष्करी अधिकारी होते. त्या काळी हिंदुस्थानात असलेल्या युरोपियन फलंदाजांत त्यांचे स्थान फार वरचे होते. हे ग्रेगसाहेब इतरांच्या तासभर आधी मैदानावर येत आणि बाळूच्या गोलंदाजीवर सराव करीत. दर वेळी आपल्याला बाद केल्याबद्दल ते त्याला आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, एका महिन्यात आठ वेळा ग्रेग बाद झाले की बाळूचा पगार दुप्पट होत असे, एवढा हिशेब आमच्या पाचवीच्या मुलांनीही केला असता. (हेच ग्रेग पुढे हॅम्पशायरकडून खेळले आणि उत्तरायुष्यात कॅथलिक धर्मगुरू झाले. माणसांची आयुष्ये किती वळणे घेतात!)

या सर्व वर्षांत एक गोष्ट मात्र घडली नाही. त्या क्लबात बाळूच्या हाती कोणी फळी दिली नाही. गोलंदाजी हे श्रमाचे काम, ते नोकराने करावे. फलंदाजी हा सभासदांचा अधिकार. अशी ती वाटणी होती. तरीही ग्रेग यांच्यासारख्या फलंदाजाला रोज तासभर चेंडू टाकायला मिळणे ही केवढी शाळा होती! शुल्क न भरता, किंबहुना चार रुपये पगार घेऊन, बाळूने ती पूर्ण केली.

येथे थोडे विषयांतर करते. आमच्या दाक्षिणात्य सहलीत मुलींना तंजावूरचा मराठा राजवाडा पाहायला नेले होते. सरस्वती महाल ग्रंथालय पाहून बाहेर आलो तर राजवाड्याच्या परिसरातील मोकळ्या जागेत काही तमिळ मुले क्रिकेट खेळत होती. यष्टी म्हणून एक लाकडी खोके, आणि धावांवरून भांडण चालू. भाषा कळत नव्हती, भांडण मात्र आमच्या मुलींना अक्षरशः कळले. याच राजवाड्यात १७९८ ते १८३२ या काळात राज्य केलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी श्वार्त्झ या मिशनऱ्याकडून युरोपीय विद्या आत्मसात केली, देवनागरी छापखाना काढला आणि १८०६ मध्ये इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत छापून घेतल्या. मराठी मुलांसाठी छापलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी एक पुस्तक कावेरीकाठी निघाले, याचा मराठी माध्यमाच्या शाळेला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. ते पाहताना माझ्या मनात आले, की परकी विद्या तंजावुरात राजाच्या हातून आली, म्हणून तिला मान मिळाला. पुण्यात क्रिकेटची विद्या ज्याने सर्वांत नीट आत्मसात केली तो महिना चार रुपयांचा नोकर होता आणि त्याच्या हाताचे पाणी कोणाला चालत नव्हते. विद्या दोन्हीकडे परकीच होती. कोणाच्या हातातून आली, एवढाच फरक.

पुण्यातील हिंदूंच्या क्लबाला शहरातील युरोपियनांना हरवायचे होते. त्यासाठी लागणारा गोलंदाज त्याच गावात होता, पण तो चांभार होता. घ्यावा की न घ्यावा यावर क्लबात दोन तट पडले. ग्रेग यांनीही, बाळूला बाहेर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल अशा आशयाचे मत जाहीरपणे दिले, असे सांगतात. अखेर बाळूंना संघात घेतले गेले. येथून पुढे मीही त्यांचा उल्लेख आदरार्थीच करते. त्यांच्या सहकाऱ्यांच्या नावांमागे प्राध्यापक, डॉक्टर अशी बिरुदे लागली. हे मात्र धावफलकावर आणि वर्तमानपत्रांत शेवटपर्यंत नुसते ‘पी. बाळू’ राहिले.

संघात घेतले म्हणजे काय झाले, ते मुलांनी नीट समजून घ्यावे. मैदानावर बाळूंनी टाकलेला चेंडू फलंदाजाला लागे, तो क्षेत्ररक्षक हातात घेई, यष्टिरक्षक परत त्यांच्याकडे फेकी. त्या चेंडूला विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की तोच गोलंदाज मंडपाबाहेर उभा राही, आणि त्याला मातीच्या, वापरून फोडून टाकायच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे, बसण्याची जागा वेगळी. तोंड धुवायचे झाले तर त्यांच्याच जातवर्गातला एखादा नोकर मैदानाच्या कोपऱ्यात पाणी घेऊन येई. असे चार घोट पिऊन बाळू पुन्हा मैदानात येत आणि ज्यांनी बाहेर उभे केले त्यांच्यासाठी बळी घेत.

बळी मिळत होते, युरोपियन संघ हरत होते. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याशी सामना ठरला तेव्हा बाळूंच्या फिरकीची धार बोथट व्हावी म्हणून तेथील लोकांनी आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवल्याचे सांगतात. खेळपट्टीवर रूळ फिरवण्याचे शास्त्र बाळूंना कोण शिकवणार! त्यांनी सात बळी घेतले आणि पुण्याचा संघ विजयी होऊन परतला. त्यांच्या सत्कारात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंना हार घातला आणि सोबत खेळता तर सोबत जेवायला हरकत कोणती, असा रोखठोक प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला. पुढे एका सभेत लोकमान्य टिळकांनीही त्यांचा गौरव केला. पुण्यातील सुधारक आणि राष्ट्रवादी या दोन्ही पक्षांचे एकमत होण्याचे प्रसंग त्या दशकात फारसे आले नाहीत. त्यांतला हा एक.

१८९६ च्या सुमारास, प्लेगच्या धामधुमीत, बाळू मुंबईला आले. काही काळ लष्करात आणि मग बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांनी नोकरी केली. रेल्वेच्या संघाकडून ते खेळत. मुंबईच्या हिंदू जिमखान्यातही जातीचा प्रश्न पुन्हा निघाला, पण कर्णधार कीर्तिकर यांनी आग्रह धरून त्यांना घेतले. शिवरामही त्यांच्या पाठोपाठ संघात आले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू आणि युरोपियन संघांचा मोठा सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांचा पहिला डाव १९१ धावांवर आटोपला होता. जिंकायला २१२ धावा हव्या असताना दुसरा डाव १०२ धावांत संपला. बाळू आणि एराशा या दोघांच्या गोलंदाजीने १०९ धावांचा विजय मिळवून दिला. वंगभंगाच्या आंदोलनाने देश तापलेला असताना राज्यकर्त्यांवर मिळालेला हा विजय लोकांनी नुसता खेळातला मानला नाही. मात्र मुंबईतील सुधारक वर्तमानपत्रांनी त्यात दुसरी एक गोष्ट पाहिली. या संघातील सर्व खेळाडू एका पंक्तीला जेवत होते. दहा वर्षांपूर्वी पुण्यात मंडपाबाहेर उभा राहून मातीच्या भांड्यात चहा पिणारा माणूस जिमखान्याच्या उपाहारगृहात आत बसला. माझ्या मते त्या सामन्यातला हा अधिक मोठा विजय. धावफलकावर तो दिसत नाही.

१९११ मध्ये सर्व धर्मांच्या खेळाडूंचा पहिला अखिल हिंदुस्थानी संघ इंग्लंडला निघाला. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह, वय अवघे एकोणीस. संघात पारशी होते, मुसलमान होते, मद्रासचे ब्राह्मण यष्टिरक्षक शेषाचारी होते आणि पालवणकर बंधूंपैकी बाळू आणि शिवराम असे दोघे. महाराज मेजवान्या आणि समारंभ यांत इतके गुंतले की ते मोजकेच सामने खेळले. संघाने तेवीस सामन्यांपैकी सहा जिंकले, पंधरा गमावले. अशा हरणाऱ्या संघात, अनोळखी हवेत, पस्तिशी ओलांडलेल्या आणि खांदा दुखत असलेल्या बाळूंनी दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले. एका बळीमागे धावा एकोणिसांहूनही कमी. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ बळी त्यांनी मिळवले. लीस्टरशायरविरुद्धच्या विजयात त्यांच्या गोलंदाजीचा सिंहाचा वाटा होता, तर सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी नाबाद शतक झळकावून एका गड्याने सामना जिंकून दिला. इंग्लंडच्या प्रसिद्ध डावखुऱ्या विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी बाळूंची तुलना होऊ लागली. ऱ्होड्सना कसोटी सामने मिळाले, बाळूंना नाही. हिंदुस्थान पहिला कसोटी सामना खेळला तो १९३२ मध्ये लॉर्ड्सवर, तेव्हा बाळू छप्पन्न वर्षांचे होते.

परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातील मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या विशीतल्या एका विद्यार्थ्याने तयार केले होते, असे चरित्रकार सांगतात. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर.

पुढची दहा वर्षे बाळूंनी गोलंदाजीत कोणाचीच बरोबरी होऊ दिली नाही. १९०७ पासून तिरंगी आणि १९१२ पासून मुसलमान संघ आल्यावर चौरंगी झालेली मुंबईची स्पर्धा हे त्या काळचे सर्वोच्च क्रिकेट होते. तेथे हिंदू संघाचा आधारस्तंभ बाळू, मात्र कर्णधारपदाचा विचार निघाला की त्यांचे नाव मागे पडे. १९१० पासून जवळजवळ दरवर्षी ही मागणी होत राहिली. १९१३ च्या सुमारास कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी तर, हा मान बाळूंचा होता, असे स्वतःच मोकळेपणाने सांगितले. सारस्वत ब्राह्मण असलेल्या पै यांचा हा मोठेपणा मला फार महत्त्वाचा वाटतो. मान नाकारणारे पुष्कळ होते. मिळालेला मान दुसऱ्याचा आहे असे सांगणारे विरळा.

१९२० मध्ये हे प्रकरण टोकाला गेले. पै आजारी पडले तेव्हा कर्णधारपद दि. ब. देवधर यांच्याकडे गेले आणि बाळूंना तर संघातूनच वगळण्यात आले. देवधर स्वतः उत्तम फलंदाज होते, पुढे त्यांची कीर्ती सर्वत्र झाली. प्रश्न त्यांच्या गुणांचा नव्हता, क्रमाचा होता. शिवराम आणि विठ्ठल या भावांनी जाहीर निवेदन काढून संघातून माघार घेतली. आपल्याला डावलण्याचे कारण खेळ नसून जात आहे, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडले. लोकमत त्यांच्या बाजूने वळले. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी पै परत आले, दोघे भाऊ संघात आले आणि बाळूंना उपकर्णधार नेमले गेले. मग पै काही वेळ मैदान सोडून गेले, आणि तेवढ्या वेळापुरते चव्वेचाळीस वर्षांचे बाळू हिंदू संघाचे कर्णधार झाले. ते मैदान पै यांनी मुद्दाम सोडले होते, असे मानतात. पूर्ण सामन्याचे नेतृत्व त्यांना कधीच मिळाले नाही. त्याच मोसमात त्यांची मोठ्या सामन्यांची कारकीर्द संपली. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. पहिला असा सामना ते वयाच्या तिसाव्या वर्षी खेळले, हे लक्षात घेऊन हे आकडे वाचावेत.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, धाकटे विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले. एका खेळाडूने मराठीत लिहिलेले हे पुस्तक आज सहजी मिळत नाही. ज्या ग्रंथालयांत असेल त्यांनी ते जपावे. चौघांतला सर्वांत धाकटा, गुणी गणपत, मात्र ऐन तारुण्यात निवर्तला.

बाळूंचे उत्तरायुष्य राजकारणात गेले, आणि येथे त्यांची वाट त्या मानपत्र लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाटेहून वेगळी झाली. बाळू गांधीजींचे अनुयायी. अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत ही डॉ. आंबेडकरांची मागणी त्यांना मान्य नव्हती. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या उपोषणाच्या छायेत जो पुणे करार झाला, त्यावर बाळूंचीही सही आहे. जून महिन्यात लॉर्ड्सवर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना झाला आणि सप्टेंबरात हा करार, एकाच वर्षातल्या या दोन घटना. १९३३ मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक त्यांनी लढवली आणि ते हरले. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकर सुमारे दोन हजार मतांनी विजयी झाले.

या लढतीविषयी बोलताना कोणी बाळूंना भोळे ठरवतात, कोणी त्यांचा वापर झाला म्हणतात. मला हे दोन्ही निवाडे उतावीळ वाटतात. ज्या माणसाने पंगतीचे दार सामन्यागणिक थोडे थोडे उघडताना पाहिले, त्याला समाज आतून बदलेल असा विश्वास वाटणे समजण्यासारखे आहे. आणि कर्णधारपदाचे दार मात्र शेवटपर्यंत बंद राहिले, हे ज्याने पाहिले त्याला तो विश्वास न वाटणेही तितकेच समजण्यासारखे आहे. एकाच आयुष्यातून दोन्ही निष्कर्ष निघू शकतात. वरच्या वर्गांतील मुलांनी इतिहासाच्या तासाला यावर जरूर वाद घालावा.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. स्वतंत्र भारताची राज्यघटना लागू होऊन पाच वर्षे उलटली होती, आणि अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदा संसदेने त्याच वर्षी संमत केला होता. सांताक्रूझ येथील त्यांच्या अंत्ययात्रेला खेळाडूंबरोबर आमदार-खासदारही उपस्थित होते.